वेलींचा निरीक्षक : चार्ल्स डार्विन

माघ-फाल्गुनाच्या सुमारास आपल्या जोयडा तालुक्यातील एखाद्या सुपारीच्या बागेत गेले असता मिरीच्या वेलांपाशी एक काम चाललेले दिसते. सुपारीच्या झाडावर चढलेल्या वेलाच्या बुंध्यापासून काही फांद्या जमिनीकडे धाव घेतात. त्यांनी मातीत मुळे धरू नयेत म्हणून बागायतदार त्या आधीच गुंडाळून खुंटीला बांधून ठेवतो. आता तो त्या कापतो, त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करतो, पाने छाटून टाकतो आणि तुकडे मातीने भरलेल्या पिशव्यांत लावून सावलीत ठेवतो. आषाढाच्या आत त्यांची रोपे तयार व्हावयास हवीत. कारण पावसाळ्याच्या आरंभी ती सुपारीच्या किंवा पांगाऱ्याच्या बुंध्याशी लावली गेली नाहीत, तर वर्ष फुकट गेले. कित्येक जण हे तुकडे लावण्यापूर्वी त्यांची टोके एका पातळ द्रावणात थोडा वेळ बुडवून घेतात. त्या द्रावणात संजीवक असते. त्यामुळे मुळे लवकर व पुष्कळ फुटतात.

काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले, त्याआधी हा तालुका सुपा या नावाने ओळखला जात असे. या डोंगरांतील आणि त्यांच्या पायथ्याच्या मुलखातील मिरीसाठी एके काळी पोर्तुगीजांची जहाजे किनाऱ्याशी खेपा घालीत. गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीला ते मिरीची राणी म्हणत. मिरी आपल्या घरची आहे. परंतु वनस्पतीच्या अंगात तिची वाढ चालविणारे काही द्रव्य असते, ही गोष्ट माणसाला कशी कळली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे आपण सातासमुद्रापलीकडे, इंग्लंडातील केंट परगण्यातल्या डाउन नावाच्या एका आडगावी जाऊन पोहोचतो. तेथे एका मोठ्या बागेच्या घरात एक आजारी, लांब दाढीचा म्हातारा आपल्या मुलाला हाताशी धरून गवताच्या कोंबांना कथलाच्या पातळ पत्र्याच्या टोप्या घालीत बसला होता. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विन म्हटले की आपणांस माकड आणि माणूस यांची चर्चा आठवते. तो वाद अवघ्या जगाने घातला, आणि डार्विनच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, जो बहुतांशी झाडाझुडपांच्या सहवासात गेला, तो त्या गलबल्यात झाकून गेला.

त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट हे नामांकित डॉक्टर होते. आजोबा इरॅस्मस हेही डॉक्टर, शिवाय वनस्पतींवर काव्य करणारे. आई सुसाना चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच वारली. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला १८२५ साली एडिंबरोला पाठविले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळचा रोग्याचा आक्रोश चार्ल्सला सोसवेना. तो खोलीतून निघून गेला आणि त्या विद्येलाही त्याने कायमचा रामराम ठोकला. मग धर्मोपदेशक होण्यासाठी त्याची केंब्रिजला रवानगी झाली. तेथेही अभ्यासापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात आणि शिकारीत त्याचे मन अधिक रमे. वडिलांना हा मुलगा वाया जाणार, अशी चिंता पडली होती. मात्र वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्या नजरेत तो भरला. त्यांच्याबरोबर तो इतका हिंडे की विद्यापीठात त्याची तीच ओळख होऊन बसली.

हेन्स्लो यांच्याच शिफारशीने त्याला बीगल या जहाजावर जाण्याची संधी मिळाली. वडिलांचा विरोध होता. तो मामाने, जोसाया वेजवुड यांनी, मध्यस्थी करून दूर केला. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आले. दक्षिण अमेरिका, गालापागोस बेटे, ऑस्ट्रेलिया हे सारे त्याने पाहिले. परतीच्या वाटेवर हिंदी महासागरातील कोकोस बेटांना आणि मॉरिशसला जहाज लागले होते. भारताचा किनारा मात्र त्याच्या दृष्टीस पडला नाही. पुढे कलकत्त्यातील एडवर्ड ब्लाइथ व जॉन स्कॉट यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. हा स्कॉट मूळचा एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानातला माळी. त्याची बुद्धी ओळखून डार्विनने त्याला भारतात येण्यास साहाय्य केले, आणि पुढे तो कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात काम करू लागला.

१८३९ साली डार्विनचा मामेबहीण एमा हिच्याशी विवाह झाला आणि १८४२ मध्ये हे कुटुंब डाउनला राहावयास गेले. तेथून तो पुन्हा परदेशी कधीच गेला नाही. प्रकृतीने त्याची पाठ धरली होती. ओकाऱ्या, चक्कर, अतोनात थकवा. निदान कोणालाच झाले नाही. दिवसाकाठी दोन-तीन तास काम झाले तरी तो दिवस चांगला गेला असे समजावयाचे. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. त्यांतली दहा वर्षांची ॲनी १८५१ साली गेली, ते दुःख त्याच्या मनातून कधी निघाले नाही. १८५८ साली वॉलेसचे पत्र आले आणि दोघांचे विचार एकच असल्याचे दिसून आले. १ जुलैला दोघांचे लेख लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचले गेले, तेव्हा डार्विन आपल्या तान्ह्या मुलाच्या मृत्यूने घरीच बसून होता. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, त्याचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ बाहेर पडला. त्यानंतरचे वादळ सर्वश्रुत आहे.

ते वादळ बाहेर घोंघावत असताना डार्विन काय करीत होता? तो वेल पाहत होता.

१८६० नंतरच्या त्या वर्षांत आजारपणामुळे त्याला पुष्कळदा खोलीबाहेर पडता येत नसे. तेव्हा त्याने हॉपच्या वेलाची एक कुंडी खोलीतच आणून ठेवली. या वेलाच्या फुलांनी बिअरला कडवट चव आणतात. वेलाचा कोवळा शेंडा आधार शोधीत हवेत फेर धरतो, हे पूर्वीच्या काहींनी पाहिले होते. परंतु किती वेळात एक फेरा, दिवसा किती, ऊन असता किती, याचा हिशोब कोणी इतक्या चिकाटीने ठेवला नव्हता. डार्विनने अंथरुणावर पडल्या पडल्या तो ठेवला. उन्हाळ्यात दिवसा हॉपचा शेंडा सरासरी दोन तास आठ मिनिटांत एक फेरा पुरा करी. मग त्याने शंभराहून अधिक जातींचे वेल मागविले. १८६३ साली घरालगत काचेचे उष्णगृहही बांधून घेतले. काही वेल अंगाने वेढे घेतात, काही पानांच्या देठांनी धरतात, काही तणाव्यांनी, काही आकड्यांनी, तर काही आयव्हीसारखे मुळांनी भिंतीला किंवा झाडाला चिकटतात, अशी वर्गवारी त्याने केली. आपली मिरी या शेवटच्या वर्गातली. तिच्या पेरापेराशी फुटणारी आखूड मुळे सुपारीची साल घट्ट धरतात. आणि पेराशी मुळे फुटण्याचा तिचा हा स्वभावच आपल्या बागायतदाराच्या कामी येतो. वेलांवरील हा निबंध १८६५ साली लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, व १८७५ मध्ये त्याचे वाढविलेले पुस्तक झाले.

वेलांनी त्याच्या मनात एक मोठा प्रश्न निर्माण केला. जनावर हलते आणि झाड हलत नाही, असे आपण धरून चालतो. परंतु वेल हलतो. मग इतर झाडे? अंकुर उजेडाकडे वळतो, मूळ जमिनीत खाली जाते, पाने रात्री मिटतात. या सर्व हालचालींच्या मुळाशी एकच काही असेल काय?

हे काम एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. १८७६ साली त्याचा मुलगा फ्रान्सिस याच्यावर घोर प्रसंग ओढवला. त्याची तरुण पत्नी एमी बाळंतपणात वारली. फ्रान्सिसने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, पण त्या धंद्यात तो पडला नव्हता. बर्नार्ड नावाच्या त्या तान्ह्या मुलाला घेऊन तो वडिलांच्या घरी परतला. नातवाच्या येण्याने आजोबांच्या घरात पुन्हा पाळणा हलू लागला, आणि शोकात बुडालेल्या मुलाला वडिलांनी कामाला लावले. त्या घरात सांत्वनाचे शब्द किती झाले असतील ते असोत; पुढची सहा वर्षे दोघे रोज एका टेबलापाशी बसून रोपे पाहत होते.

साधने अगदी साधी होती. काचेची केसासारखी काडी लाखेने रोपाला चिकटवावयाची, तिच्या टोकाशी काळ्या लाखेचा मणी लावावयाचा आणि समोर उभ्या केलेल्या काचेवर ठरावीक वेळाने त्या मण्याच्या जागी ठिपका द्यावयाचा. ठिपके जोडले की रोपाच्या हालचालीचा नकाशा तयार. रात्रीचेही ठिपके चुकत नसत.

कॅनरी पक्ष्यांना ज्याचे दाणे घालतात, त्या गवताचे कोंब त्यांनी प्रयोगासाठी घेतले. गवताचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा त्याचे पहिले पान एका नाजूक नळीसारख्या आवरणात असते. असा कोंब खिडकीपाशी ठेवला की काही तासांत उजेडाकडे वाकतो. वाकतो तो टोकाच्या बराच खाली. तेव्हा उजेड तेथेच लागत असला पाहिजे, असे कोणालाही वाटेल. डार्विन पितापुत्रांनी कोंबांच्या फक्त टोकांवर पातळ पत्र्याच्या टोप्या घातल्या. खालचा सगळा भाग उघडा होता, त्याच्यावर उजेड पडत होता. तरीही ते कोंब सरळ उभे राहिले. टोपीच्या वजनाने असे झाले असेल अशी शंका येऊ नये, म्हणून दुसऱ्या कोंबांना पारदर्शक काचेच्या टोप्या घातल्या, ते वाकले. काचेला काळा रंग दिला. ते वाकले नाहीत. मग उलट केले. टोक तेवढे उघडे ठेवून खालचा भाग बारीक काळ्या वाळूत झाकला, आणि पुरलेला भाग अंधारात असूनही वाकला.

अर्थ उघड होता. उजेड कळतो शेंड्याला आणि वाकते ते खालचे अंग. तेव्हा शेंड्याकडून खाली काहीतरी जात असले पाहिजे. काय जाते, हे डार्विनला ठाऊक नव्हते. त्याने त्याला केवळ प्रभाव एवढेच म्हटले, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला मोठे नाव देण्याचा मोह टाळला. घेवड्यासारख्या बियांच्या मुळांवरही त्यांनी प्रयोग केले. मुळाचे टोक कापले तर मूळ खाली वळण्याचे विसरते, असे त्यांना दिसले. १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शेवटी डार्विनने मुळाच्या टोकाची तुलना क्षुद्र प्राण्याच्या मेंदूशी केली होती.

येथे त्याची गाठ जर्मनीतील वुर्झबर्गच्या यूलियस झाक्सशी पडली. त्या काळी वनस्पतींच्या शरीरशास्त्रात झाक्सएवढा अधिकारी पुरुष दुसरा नव्हता. त्याची प्रयोगशाळा सुसज्ज, शिष्य देशोदेशींचे. खुद्द फ्रान्सिस दोन उन्हाळे त्याच्याकडे शिकून आला होता. प्रथम संबंध चांगले होते. पुढे डार्विनचे निष्कर्ष त्याच्या मतांच्या आड येऊ लागले, तेव्हा ते दुरावले. झाक्सच्या मते उजेड आणि गुरुत्व ज्या भागावर पडते, तोच भाग वळतो. मुळाचे टोक कापण्याचा प्रयोग त्याने आपल्या सहायकाकडून करवून घेतला आणि डार्विनचे म्हणणे खोटे ठरविले. खेड्यातील बंगल्यात बसून हौसेने केलेले हे प्रयोग, अकुशल हातांचे आणि चुकीच्या अर्थांचे, अशा आशयाची त्याची टीका होती. व्हिएन्नाच्या वीझनरने तर डार्विनच्या पुस्तकाचे खंडन करण्यासाठी १८८१ साली एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. मात्र ते इतके सभ्य भाषेत होते की डार्विनने मतभेद असूनही त्याला मनःपूर्वक पत्र पाठविले. टीका कशी करावी याचा तो धडा आहे असे त्याला वाटले.

पंडितांचे मत विरुद्ध, वय सत्तरीच्या पुढे, हृदय दुबळे. डार्विनला वादाची चीड होती. त्यात वेळ फुकट जातो, असे तो मानी. त्याने आपली रोपे पाहणे सोडले नाही. याच काळात तो गांडुळांचाही अभ्यास करीत होता. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी घरात त्यांच्यापुढे बासून नावाचे वाद्य वाजविण्यात आले. गांडुळांना ऐकू येत नाही असे ठरले. त्यांच्यावरचे पुस्तक १८८१ च्या ऑक्टोबरात निघाले; ते त्याचे शेवटचे.

१८८२ च्या वसंतात त्याच्या छातीत कळा येऊ लागल्या. १७ एप्रिल रोजी फ्रान्सिस बाहेरगावी होता आणि त्याचा एक प्रयोग घरी चालू होता. वडिलांनी उठून त्या प्रयोगाची त्या दिवसाची नोंद मुलासाठी लिहून ठेवली. दोन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्याचे निधन झाले. डाउनच्या चर्चजवळ त्याला पुरावे अशी घरच्यांची इच्छा होती; परंतु २६ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, न्यूटनच्या समाधीपासून थोड्या अंतरावर, त्याला मूठमाती देण्यात आली.

झाक्सचा निवाडा टिकला नाही. १८९४ साली रोटर्ट या शास्त्रज्ञाने कोंबांचे प्रयोग बारकाईने पुन्हा केले आणि उजेडाची जाणीव मुख्यतः शेंड्याला होते, हे डार्विनचे म्हणणे खरे ठरविले. १९१० नंतर डेन्मार्कच्या बोयसेन येन्सनने शेंडा कापून, मध्ये सरसाचा पातळ थर देऊन तो परत बसविला. प्रभाव त्या थरातून पार गेला. हंगेरीच्या पालने अंधारातच कापलेला शेंडा एका बाजूला सरकवून ठेवला, तर कोंब उलट बाजूस वाकला. तेव्हा जे जाते ते कोणते तरी द्रव्यच, हे उघड झाले. अखेर १९२६ साली हॉलंडमधील उट्रेख्त येथे फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटचे शेंडे अगारच्या वड्यांवर ठेवून ते द्रव्य वडीत उतरवून घेतले, आणि नुसत्या वडीनेच कोंब वाकवून दाखविला. पुढे त्याला ऑक्झिन हे नाव पडले. फ्रान्सिस डार्विन १९२५ मध्ये वारला होता. आणखी एक वर्ष त्याला मिळाले असते तर वडिलांच्या टोप्यांचे कोडे सुटलेले त्याने डोळ्यांनी पाहिले असते.

योगायोग असा, की त्याच १९२६ साली, त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या फोर्मोसा बेटावर, कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने भाताची रोपे वेड्यासारखी उंच व फिकट वाढविणाऱ्या रोगात बुरशीच्या रसाचाच हात असल्याचे दाखविले. त्या रसातील द्रव्य म्हणजे जिबरेलिन. खोड लांबविणे हे त्याचे काम. मिरचीचा तरवा दाट पडला किंवा सावलीत राहिला की रोपे लांबच लांब, लेचीपेची होतात, आणि लावणीनंतर मान टाकतात. अशी वाढ आवरण्यासाठी आज जी द्रव्ये वापरतात, ती रोपाच्या अंगात जिबरेलिन तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे पेरे आखूड राहतात आणि खोड जाड होते. तरीही आधी वाफा विरळ करावा व त्याला उजेड द्यावा, हेच बरे. औषध त्यानंतर, तेही कृषी अधिकाऱ्याला विचारून.

मिरीची गोष्ट ऑक्झिनच्या कुळातली. ऑक्झिन शेंड्यात तयार होऊन खाली उतरते आणि छाटाच्या कापलेल्या टोकापाशी साचून मुळे फुटण्यास चालना देते, असे १९३० नंतरच्या दशकात दिसून आले. १९३५ साली अमेरिकेतील झिमरमन व विल्कॉक्सन यांनी इंडॉल ब्युटिरिक आम्ल या कृत्रिम द्रव्याने छाटांना अधिक चांगली मुळे फुटतात असे दाखविले. तेच आज रोपवाटिकांत वापरतात. मिरीच्या छाटासाठी प्रमाण साधारण एका लिटरला एक ग्रॅम, आणि टोक बुडवावयाचे ते पाऊण मिनिट. जास्त घातले तर जास्त मुळे येतील असे नाही. प्रमाण वाढले की हेच द्रव्य वाढ रोखते आणि टोक काळे पडते. शिवाय छाट रोगट वेलाचा असला, पिशवीत पाणी साचले, तर कोणतेही संजीवक त्याला वाचवीत नाही. मिरीला मुळाशी कुजविणारा रोग पावसाळ्यात बागाच्या बागा ओसाड करतो, हे आपल्याकडच्या घरांना सांगावयास नको. म्हणून छाट घ्यावा तो निरोगी, भरपूर फळणाऱ्या वेलाचा, आणि धावत्या फांदीच्या मधल्या भागाचा. टोकाकडचा फार कोवळा असतो, बुंध्याकडचा फार जून.

डार्विनचा प्रयोग आपल्या शाळेत सहज करता येईल. करवंटीत ओली माती भरून गव्हाचे दहा-बारा दाणे पेरावेत आणि ती अंधाऱ्या कपाटात ठेवावी. कोंब बोटाच्या एका पेराएवढे झाले, पण आतले हिरवे पान अजून बाहेर पडलेले नाही, अशा वेळी निम्म्या कोंबांच्या टोकांवर चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या लहान टोप्या अलगद घालाव्यात. निम्मे तसेच ठेवावेत. मग एका बाजूला भोक पाडलेल्या खोक्यात करवंटी ठेवून भोक खिडकीकडे करावे. सकाळी ठेवले तर शाळा सुटण्याच्या सुमारास खोके उघडून पाहता येते.